प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पाया ऑनलाइन कोर्समधून पक्का होतो का?

पॅटर्न_ते_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नवीन जॉबच्या, म्हणजे नव्या कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या), डेव्हलपमेंटला आहे. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग मेकॅनिकल डिप्लोमा. पार्टीकडून (गिऱ्हाईकाकडून) ड्रॉइंग आलं की पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा घेतात तो नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा), सॅम्पल ओतणं, फेटलिंग (ओतल्यावरची साफसफाई), मशिनिंग, तपासणी आणि पार्टीची मंजुरी, हे सगळं पुढे सरकवत ठेवायची जबाबदारी माझी. एका वेळी असे पाच-सात जॉब चालू असतात. हे काम रीतसर शिकता येतं, त्याचं शास्त्र आहे, हे कळल्यापासून कोर्स करायचं मनात पक्कं आहे.

नोकरी सोडून कॉलेजात जाणं शक्य नाही, तेव्हा ऑनलाइनच. कोर्सेरा या संकेतस्थळावरचा गूगलचा कोर्स आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळावरचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स, अशा दोन गोष्टी समोर आहेत. कोणी केलेत का? आणि यातून पाया खरंच पक्का होतो, की नुसतं सर्टिफिकेट हातात येतं?

माझं मत असं की हे आपल्याकडे प्रत्येक कारखान्यात शिकायला हवं. आज आमच्याकडे वेळापत्रक एका माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस गावच्या लक्ष्मी यात्रेला गेला की पुढचं कोणाला काहीच सांगता येत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस

यात्रेला तर जायचंच असतंय हो. यात्रेची तारीख बघून वेळापत्रक करायचं :)

टिळकवाडी_ते_पुणे

गूगलचा कोर्स मी पूर्ण केलाय, त्यानंतर पीएमपीही (पीएमआय या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र) झालो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२१ ला सुरू झालेली ही कोर्सेसची मालिका आहे. आधी पाया, मग प्रोजेक्टची सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावत काम करायची पद्धत) आणि शेवटी कॅपस्टोन (शिकलेलं सगळं वापरून करायचं काम). आठवड्याला दहा तासांच्या आत वेळ दिला तर साधारण सहा महिन्यांत संपते असं तेच सांगतात. नोकरी सांभाळून हा अंदाज बरोबर आहे. फी महिन्यावर असल्यामुळे रेंगाळलात तर खर्च वाढतो. ज्यांना परवडत नाही त्यांनी कोर्सेरावर आर्थिक मदतीचा अर्ज करावा. आपण का शिकतोय आणि फी का भरू शकत नाही हे त्यात नीट लिहावं लागतं, आणि उत्तराला दोनेक आठवडे जातात.

पहिल्या भागात सूत्रं फारशी नाहीत. प्रोजेक्ट म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेलं, एकदाच करायचं काम. रोजचं उत्पादन वेगळं. तुमच्याकडे महिन्याला तेच कास्टिंग ओतलं जातं ते उत्पादन, आणि नवीन कास्टिंग पहिल्यांदा मंजूर करून घेणं हा प्रोजेक्ट. मग कामाची व्याप्ती, वेळ आणि खर्च ही तीन टोकं येतात. एक ओढलं की बाकीच्या दोघांवर ताण येतो. प्रोजेक्ट चार्टर (कामाचा हेतू आणि व्याप्ती सांगणारा कागद) आणि स्टेकहोल्डर (कामाशी ज्यांचा संबंध आहे ते) म्हणजे कोण हे पुढच्या भागांत.

एनपीटीईएलचं वेगळं. तिथे गणित जास्त आहे: नेटवर्क (कुठलं काम कशानंतर याचं जाळं), क्रिटिकल पाथ (त्यातली सगळ्यात लांब वाट, जिच्यावर एकूण दिवस ठरतात), पर्ट (दिवसांचा अंदाज काढायची पद्धत). व्हिडिओ फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ असे गुण धरतात.

माझा सल्ला: गूगलचा पाया आणि एनपीटीईएलचं नेटवर्कचं प्रकरण, दोन्ही घ्या. एकातून माणसांशी आणि कागदांशी कसं वागायचं ते कळतं, दुसऱ्यातून तारखा कशा काढायच्या ते.

निपाणीकर

मी ठेकेदारी करतोय. गोदामं, शेड, साखर कारखान्याची किरकोळ सिव्हिल कामं. अनुभवानं सांगतो, हे कोर्स सॉफ्टवेअरवाल्यांचे. त्यात उदाहरणं कसली? ऑफिसात कुंड्या पुरवणारी कंपनी आणि हॉटेलच्या टेबलावर टॅबलेट बसवायचे! माझ्या पुतण्याच्या मोबाईलवर बघितलंय मी. आमच्याकडं ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर मिळत नाही, ट्रॅक्टर नाही तर वाळू नाही. हे त्या व्हिडिओतल्या बाईंना कोण सांगणार? ज्याचा माणसांशी संबंध चांगला, त्याचं काम वेळेत होतंय. बाकी सगळं कागद.

मलप्रभाकाठ

निपाणीकर दादा, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, ऊस तोडणीत ट्रॅक्टर मिळत नाही, तीच रिस्क रजिस्टरची पहिली ओळ आहे. कोर्सात एवढंच शिकवतात की ते लिहून ठेवा: कधी होईल, झालं तर किती नुकसान, आणि आधी काय करून ठेवायचं. वाळू तोडणीच्या आधी टाकून घ्यायची की नाही?

निपाणीकर

घेतोच की. दसऱ्याच्या आधीच टाकून घेतोय.

मलप्रभाकाठ

मग तुमचं रजिस्टर तयारच आहे, फक्त ते तुमच्या मुकादमालाही वाचता यायला हवं.

माझं थोडं सांगते. मी खानापूर भागात बचत गटांबरोबर काम करते. गटाच्या बायकांसाठी मसाल्याचं छोटं युनिट उभं करायचं होतं. जागा, शेड, गिरणी, वीजजोडणी, अन्न परवाना, लेबल, एवढी कामं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला माहीत आहे, जूनच्या आधी छप्पर चढलं नाही तर दिवाळीपर्यंत थांबायचं. कोर्समधला कामाची उतरंड मांडण्याचा भाग, ज्याला ते डब्ल्यूबीएस म्हणतात, तो मी गटाच्या बैठकीत जमिनीवर खडूने काढला. मोठं काम वर, त्याखाली त्याचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. जोपर्यंत एका तुकड्याला एक बाई आणि एक तारीख लावता येत नाही तोपर्यंत तोडत राहायचं.

तेव्हा लक्षात आलं की वीजजोडणीच्या अर्जाला जागेचा करार लागतो आणि करारावर सही करणारे गृहस्थ बहुतेक वेळ गोव्यात असतात. हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. खडूने काढलं म्हणून दिसलं.

चिकोडी_एक्सप्रेस

गोव्याहून सही आणली कुणी?

मलप्रभाकाठ

गटाच्या अध्यक्षांचा मुलगा चोर्ला घाटातून दुचाकीवर गेला आणि घेऊन आला. छप्पर वेळेत चढलं.

उद्यमबाग_जुना

निपाणीकर, माणसांशी संबंध हवेत हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण हे सगळं सॉफ्टवेअरवाल्यांचं, हे मी मान्य करणार नाही. आयुष्य प्लॅनिंग खात्यात गेलं माझं, म्हणून आग्रहाने सांगतोय. ज्यांच्या नावाने गँट चार्ट (कामं आणि तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) ओळखला जातो ते हेन्री गँट कारखान्यांत काम केलेले मेकॅनिकल इंजिनिअर. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपॉन्ट या रसायनांच्या कंपनीत, रेमिंग्टन रँडच्या संगणकतज्ज्ञांच्या साथीने तयार झाली, ती प्लांट उभारणं आणि देखभालीसाठी बंद ठेवणं यांचं गणित बसवायला. पर्ट १९५८ ची, अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी. कानबान (चिठ्ठ्यांवरून काम पुढे सरकवायची पद्धत) टोयोटाच्या शॉपफ्लोरवरचं. सॉफ्टवेअरवाल्यांचा अजाइल जाहीरनामा आला २००१ मध्ये. तेव्हा हे आपल्याच लोकांचं घर आहे, आपण परत घ्यायला हवं.

आता धागाकर्त्यासाठी एक उदाहरण सोडवून दाखवतो. आकडे समजा म्हणून घ्या.

ड्रॉइंग आल्या दिवशी तीन कामं एकदम सुरू होतात: पॅटर्न १८ दिवस, कोअर बॉक्स १२ दिवस, मशिनिंगचं फिक्श्चर (कास्टिंग मशीनवर पकडून ठेवणारं साधन) २० दिवस. पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोन्ही झाल्यावर सॅम्पल ओतून, फेटलिंग करून हातात यायला ५ दिवस. सॅम्पल आणि फिक्श्चर दोन्ही तयार झाले की मशिनिंग ४ दिवस, मग तपासणी अहवाल ३ दिवस.

सगळ्यात लांब काम कोणतं? फिक्श्चर, २० दिवस. म्हणून मालक रोज फिक्श्चरवाल्याच्या मागे लागतात. पण वाटा मोजा. पॅटर्नच्या वाटेने १८ अधिक ५, म्हणजे २३ व्या दिवशी सॅम्पल येतं. फिक्श्चर २० व्या दिवशीच तयार होऊन तीन दिवस पडून राहतं. म्हणजे फिक्श्चरला ३ दिवसांचा फ्लोट (सवड) आहे, कोअर बॉक्सला ६ दिवसांचा, पॅटर्नला शून्य. एकूण २३ अधिक ४ अधिक ३, बरोबर ३० दिवस. फोन करायचा तर पॅटर्नवाल्याला करा.

पॅटर्न_ते_डिस्पॅच

काका, हे वाचून मी आत्ताच्या एका जॉबचं असंच मांडून बघितलं. तिथेही पॅटर्नच निघालं! एक शंका. पॅटर्न शॉपला जादा पैसे देऊन, रात्रपाळी लावून पाच दिवस वाचवले, तर पार्टीला ३० ऐवजी २५ दिवस सांगता येतील ना?

उद्यमबाग_जुना

नाही, आणि हा प्रश्न विचारलास म्हणून फार बरं वाटलं.

पॅटर्न १८ वरून १३ वर आणला. कोअर बॉक्स १२ चा आहे, तो आड येत नाही. सॅम्पल १८ व्या दिवशी तयार. पण फिक्श्चर येणार २० व्या दिवशी! मशिनिंग तिथूनच सुरू होणार. २० अधिक ४ अधिक ३, म्हणजे २७. पैसे पाच दिवसांचे मोजलेस, वाचले तीन. आता क्रिटिकल पाथ फिक्श्चरकडे सरकला. दोन दिवसांची रात्रपाळी वाया. म्हणून पॅटर्न १५ दिवसांवर आणायचा आणि तिथेच थांबायचं, किंवा दोन्हीकडे थोडे थोडे पैसे लावायचे. जादा पैसे लावून दिवस वाचवणं, याला क्रॅशिंग म्हणतात. कोर्समध्ये हे प्रकरण आलं की घाई करू नकोस, वही-पेन्सिल घेऊन बस.

आणि हे १८ दिवस आणायचे कुठून, तर पॅटर्नवाल्याला तीन आकडे विचारायचे. सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमी किती, आणि अडचणी आल्या तर किती. समज तो म्हणाला १४, १८ आणि ३४. पर्टच्या पद्धतीने मधल्याला चौपट वजन द्यायचं: १४ अधिक ७२ अधिक ३४, भागिले सहा, उत्तर २०. 'नेहमी १८' असं तोंडाने म्हणणारा माणूस सरासरीत २० घेतो, कारण अडचणीचं टोक लांब आहे. हे दोन दिवस आधीच धरले तर पार्टीपुढे मान खाली घालावी लागत नाही.

हत्तरगीवाला

जुन्या काकांनी लिहिलं ते छापून भिंतीला लावावं असं आहे.

मी विमानांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे त्रास तारखांपेक्षा बदलांचा असतो. पार्टीचा इंजिनिअर फोनवर सहज म्हणतो, 'तेवढं एक होल वाढवा.' एक होल म्हणजे ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन, फिक्श्चरमध्ये बदल, तपासणीच्या यादीत बदल, कधी कधी पुन्हा पहिल्यापासून मंजुरी. कोर्समधला बदलाच्या नियंत्रणाचा धडा याच्यासाठी आहे. बदल कोणी मागितला, त्याने वेळ किती वाढते, खर्च किती, आणि मान्य कोणी केला, एवढं एका पानावर. ते पान ईमेलने गेल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी लोकांना आडमुठेपणा वाटतो. दोन-तीन जॉबनंतर पार्टी स्वतःच विचारते, 'बदलाचा फॉर्म पाठवू का?'

वडगावची_सून

आमच्याकडे माग आहेत, साड्या. मला वरची तारखांची गणितं कमी उपयोगी पडली, कारण ऑर्डर रोज बदलते. कोर्समधल्या अजाइलच्या भागातला कानबानचा फळा मात्र पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लागला. रकाने असे: सूत आलं, रंगवून झालं, बीम भरलं, मागावर, घडी करून तयार. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात जाते. 'मागावर' या रकान्यात जितके माग तितक्याच चिठ्ठ्या, ही मर्यादा सासऱ्यांना फार आवडली. आता कोणी मध्येच 'आमची तातडीची' म्हणत आलं तर ते फळ्याकडे बोट दाखवतात आणि विचारतात, यातली कुठली काढू?

निपाणीकर

हे मात्र पटलं. कुठली काढू, हा प्रश्न भारी हाय.

टिळकवाडी_ते_पुणे

भाषेचाही विचार करावा लागेल. कोर्स इंग्रजीत आहे हे ठीक, पण आपल्याकडे शॉपफ्लोरवर कन्नड, मराठी आणि बाहेरून आलेल्या कामगारांची हिंदी अशा तीन भाषा चालतात. कोर्समध्ये संवादाची योजना म्हणून जे शिकवतात (कोणाला, काय, कधी, कुठल्या मार्गाने कळवायचं) त्यात आपण 'कुठल्या भाषेत' हा रकाना वाढवायलाच हवा. पुण्याहून शिकून आलेला पोरगा इंग्रजी गँट चार्ट चिकटवतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पॅटर्न_ते_डिस्पॅच

हे अगदी मनातलं बोललात. आमचे मोल्डिंगचे मुकादम गोकाककडचे, कन्नडच वाचतात. फेटलिंगला सगळे मराठी. मी फळा दोन्ही भाषांत करायचं ठरवलंय. कन्नड लिहायला शाळेत शिकलोय, त्याचा इथे उपयोग होतोय याचा आनंद वाटतो.

शहापुरी_कुंदा

थोडं विषयांतर, पण आपल्या गावाचं आहे म्हणून लिहितो. डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि ते आणण्यात, उभं करण्यात गंगाधरराव देशपांडे पुढे होते. टिळकवाडीकडची काँग्रेस विहीर त्याच अधिवेशनासाठी खोदलेली. तारीख ठरलेली, देशभरातून माणसं येणार, तेव्हा पाणी आधी. मंडप उशिरा झाला तर माणूस झाडाखाली बसेल, पाण्याचं तसं नाही. कुठलं काम आधी आणि कुठलं थांबू शकतं हे त्या लोकांनी कोर्स न करता ओळखलं होतं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचंही तेच. मिरवणुकीची तारीख पुढे जात नाही, मग एक तर देखावा आटोपशीर करा किंवा वर्गणी वाढवा.

चिकोडी_एक्सप्रेस

आमचं मंडळ दरवर्षी वर्गणीच वाढवतंय :)

मलप्रभाकाठ

शहापुरी, उदाहरण सुंदर आहे. पण 'कोर्स न करता ओळखलं' यावर थोडं म्हणायचंय. पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक काम केलेल्या लोकांना ते येतं. माझ्या गटातल्या बायकांना कोणी कधी मोठं काम सोपवलंच नव्हतं. त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिलेली असणं, ती कोणालाही शिकता येणं, हे फार मोलाचं आहे. अंगभूत हुशारीवर सोडलं तर ज्यांना आधी संधी मिळाली तेच पुढे जातात.

उद्यमबाग_जुना

ताई, अगदी बरोबर बोललात. माझ्या नोकरीच्या काळात हे गुरूकडून मिळायचं, तेही गुरूच्या मर्जीवर.

मूळ प्रश्नाकडे वळतो. पाया पक्का होतो का? व्हिडिओ बघून होत नाही. दर धड्यानंतर आपल्या चालू जॉबवर तेच करून बघितलं तर होतो. धागाकर्त्याने कुंड्यांचं उदाहरण सोडवावंच, गुण त्यावर आहेत, पण प्रत्येक कागद दोनदा करावा: एकदा कोर्सच्या कंपनीसाठी, एकदा स्वतःच्या कास्टिंगसाठी. आणि जॉब संपल्यावर सगळ्यांना पंधरा मिनिटं उभं करून विचारावं, काय जमलं, काय अडलं, पुढच्या वेळी काय बदलू. या बैठकीत कोणावर ठपका ठेवायचा नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकावं.

निपाणीकर

पुतण्या म्हणतो पीएमपी करायचं. त्याचा डिप्लोमा झालाय. जमेल काय?

टिळकवाडी_ते_पुणे

लगेच नाही. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्यांना ६० महिन्यांचा, आणि वर ३५ तासांचं प्रशिक्षण. नियम मधून मधून बदलतात, अर्जाआधी पीएमआयच्या संकेतस्थळावर बघून घ्या. पुतण्या नवा असेल तर सीएपीएम (पीएमआयचंच नवख्यांसाठीचं प्रमाणपत्र) घेऊ दे. त्याला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं, आणि गूगलचा कोर्स त्यात धरला जातो. पण तुमच्या साइटवर कामांची नोंद आजपासूनच ठेवायला सांगा: कुठलं काम, कधीपासून कधीपर्यंत, त्याची जबाबदारी काय. पाच वर्षांनी अर्ज भरताना तीच लागते.

निपाणीकर

ठेवायला लावतो. वाळूची ओळ पण त्याच्याकडूनच लिहून घेतो.

पॅटर्न_ते_डिस्पॅच

सगळ्यांचे मनापासून आभार. गूगलचा पाया या आठवड्यात सुरू करतोय, एनपीटीईएलचं नेटवर्कचं प्रकरण रविवारी. काकांच्या उदाहरणावरून पॅटर्न, कोअर बॉक्स, फिक्श्चरचा एक तक्ता केलाय. दिवस बदलले की फ्लोट आपोआप बदलतो, कामांची नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत. कोणाला हवा असेल तर सांगा.

हत्तरगीवाला

मला पाठवा. त्यात बदलाच्या पानाचा रकाना जोडून परत देतो.

वडगावची_सून

मलाही. पीडीएफ नको, एक्सेलच द्या. मला मागांची नावं घालायची आहेत.